चाळीसातले चौतीस ग्लास सेटच झाले नाहीत

रविवारी सकाळी पावणेसातला ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या जावेने, फ्रीज उघडून एक ग्लास हातात घेतला, जरासा तिरपा केला, आणि आतला पन्ना कोटा, म्हणजे दूध-क्रीमचं जेलीसारखं सेट करायचं इटालियन डेझर्ट, वाहत काठापर्यंत आला. दुसरा घेतला, तोही तसाच, तिसराही तसाच. मी ब्रश तोंडात धरूनच किचनमध्ये आले तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, हे दूधच आहे." रात्री साडेअकराला फ्रीजमध्ये ठेवलेले ग्लास, सात तास झालेले, आणि संध्याकाळी सहाला ते एका काकांच्या साठीच्या पार्टीला पोचवायचे होते.

आम्ही दोघी डोंबिवलीत घरूनच छोट्या ऑर्डरी घेतो, केक कमी आणि ग्लासातली डेझर्ट जास्त. ही ऑर्डर ४० ग्लासांची होती, कटिंग चहाच्या काचेच्या ग्लासात मसाला चहाचा पन्ना कोटा. ३४ जिलेटिनचे आणि ६ शाकाहारी माणसांसाठी चायना ग्रासचे, म्हणजे अगर अगरचे, कारण जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात आणि पाकिटावर चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो ते आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला आधीच सांगतो, न सांगता खपवायचं नाही हा ताईचा नियम. (सासऱ्यांना पहिल्यांदा जिलेटिन म्हटलं तेव्हा ते दचकलेच होते, त्यांच्या डोक्यात जिलेटिन म्हणजे विहीर खणताना सुरुंगाला लावायच्या कांड्या. पेपरातही त्याच येतात. ते जिलेटिन वेगळं, नोबेलने १८७५ मध्ये काढलेलं स्फोटक, जेलीसारखं दिसतं म्हणून तसं नाव, आमच्या पावडरीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी अजून ते डबा शेगडीपासून लांब ठेवा म्हणतात.)

तर त्या दिवशी ३४ चे ३४ पातळ आणि ६ मात्र व्यवस्थित सेट. हे आकडे लक्षात ठेवा, कारण याच आकड्यांनी आम्हाला आधी पूर्ण चुकीच्या वाटेला लावलं.

आता काय केलं होतं ते आधी सांगते. जिलेटिनवालं मिश्रण साधारण ३ लिटर, त्यात दूध, पाकिटातलं फ्रेश क्रीम, साखर, चहा पावडर, वेलची. जिलेटिन पावडर ३६ ग्रॅम. हा हिशोब आम्ही असा धरतो की ७ ग्रॅममध्ये साधारण पावणेपाचशे मिली पातळ पदार्थ ताटलीत उलटा करता येईल इतका घट्ट होतो, पण ग्लासातच खायचं असेल तर एवढं घट्ट नको, चमचा लावला की थरथरलं पाहिजे, म्हणून लिटरला १२ ग्रॅम. पावडर गार पाण्यात भिजवायची, पाणी पावडरीच्या पाचपट, आणि पावडर पाण्यावर भुरभुरायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर पिठल्यात होतात तशा गाठी होतात, वरून ओल्या आणि आत कोरड्या. दहा मिनिटांत ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. मग ती गरम दुधात घालून ढवळायची, पूर्ण विरघळेपर्यंत, पण घातल्यावर उकळत बसायचं नाही. हे सगळं ताईने स्वतः केलं होतं, वजनकाट्यावर मोजून, आणि ताईच्या हातून मोजण्यात चूक होत नाही, हे मी जाऊ असून सांगतेय.

रविवारी सकाळी पहिला संशय अर्थातच पावडरीवर. पाकीट नेहमीच्या दुकानातलं नव्हतं, नेहमीचं संपलं होतं म्हणून मी दुसरीकडून आणलेलं, त्यावर ब्लूम नंबर छापलेला नव्हता. हा ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या ताकदीचं माप, ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने १९२५ मध्ये त्याचं यंत्र पेटंट केलं. ६.६७ टक्के जिलेटिनची जेली १० अंशावर सतरा-अठरा तास ठेवायची आणि अर्ध्या इंचाचा एक दट्ट्या तिच्यात ४ मिलिमीटर दाबायला किती ग्रॅम वजन लागतं ते बघायचं. जेवढे ग्रॅम तेवढा ब्लूम, साधारण ५० ते ३००. म्हणजे दोन पाकिटांत सारखीच ३६ ग्रॅम पावडर घेतली तरी एक कडक आणि एक मऊ असं होऊ शकतं. पण मऊ होणं वेगळं आणि पाणी राहणं वेगळं, हे त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. वर पुरावा समोरच होता, चायना ग्रासचे ६ सेट झालेत, तेच दूध, तीच चहा पावडर, तोच फ्रीज, फरक फक्त जिलेटिनचा, म्हणजे जिलेटिनच वाईट. ताईने निकाल दिला आणि मी मान डोलावली.

मी मान डोलावली कारण मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते का ते पुढे येईलच.

नऊ वाजता आम्ही पहिला उपाय केला. १७ ग्लास परत पातेल्यात ओतले, मंद गॅसवर कोमट-गरम केले, ताईच्या थर्मामीटरवर ५० अंश, आणि आणखी १८ ग्रॅम पावडर भिजवून त्यात घातली. म्हणजे आता त्या दीड लिटरमध्ये दुप्पट जिलेटिन, एवढ्यात तर चमचा उभा राहिला पाहिजे, रबरासारखं चिवट झालं पाहिजे. या वेळी ग्लास बर्फाच्या पाण्यात ठेवून मग फ्रीजमध्ये ढकलले. बारा वाजता बघितलं. पातळ. ताई खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "तू नीट आठव, ट्रायलच्या वेळी आणि काल रात्री काय वेगळं होतं?" मी म्हटलं, "काहीच नाही, फक्त पाकीट."

खोटं बोलायचं म्हणून नव्हते बोलले. खरंच ती गोष्ट मला गोष्टच वाटली नव्हती.

मग जे केलं ते निव्वळ जीव वाचवायला केलं. खालच्या किराणावाल्याकडून चायना ग्रासची १० ग्रॅमची ४ पाकिटं आणली, त्या पट्ट्या कात्रीने कापून अर्धा लिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळल्या, सगळे ३४ ग्लास पातेल्यात रिकामे केले आणि ते दूध खळखळून उकळून त्यात हे घातलं. उकळल्यावर दुधात बारीक कणी दिसायला लागली, ताईने जुन्या मलमलीच्या ओढणीतून सगळं गाळलं, आणि ग्लास भरून टेबलावरच ठेवले. एप्रिलचा शेवटचा आठवडा, किचनमध्ये ३४ अंश, आणि तरीही पाऊण तासात सगळे ग्लास टेबलावरच सेट झाले. अगरचं हेच आहे, ते पस्तीस-चाळीस अंशालाच घट्ट होतं आणि परत पातळ व्हायला त्याला ८५ अंश लागतात, जिलेटिन मात्र तीस-पस्तीसलाच वितळतं, म्हणूनच ते तोंडात ठेवल्यावर विरघळतं आणि अगर चावावं लागतं. ऑर्डर वेळेवर गेली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, चव मस्त होती पण टेस्टिंगला दिलेलं जास्त क्रीमी होतं, हे जरा वडीसारखं लागलं. बरोबरच होतं त्यांचं. ताईने न मागता ५०० रुपये परत केले.

सोमवारी दुपारी खरी उकल झाली. शाकाहारीवाल्यांपैकी एक ग्लास आम्ही जास्तीचा केला होता, तो फ्रीजमध्ये उरलेला, ताई तो खात खात चमच्याने तळ खरवडत होती आणि एकदम थांबली. "याच्या तळाला कणी आहे बघ." बघितलं तर खरंच, वरचा भाग गुळगुळीत आणि तळाला अगदी बारीक, नासलेल्या दुधात असते तशी कणी. चायना ग्रास नीट विरघळलं नसेल म्हणून बोटांनी चुरून बघितली तर ती दुधाचीच, छन्यासारखी. काल पातेल्यात दिसलेली तीच. मग ताई म्हणाली, दूध नासलं असतं तर वास आला असता, आणि यात आंबट तर काहीच नाही.

सासूबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "कच्चं आलं घातलंत का दुधात?"

आणि माझा चेहरा उतरला.

झालं असं होतं. ट्रायलच्या वेळी आम्ही किसलेलं आलं चहाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळलं होतं, घरी चहा करतो तसंच, मग दूध. ते ४ ग्लास सुंदर सेट झाले होते. पण टेस्टिंगला दिल्यावर गिऱ्हाईक म्हणालं होतं आल्याचा ठसका थोडा वाढवा. शनिवारी रात्री जिलेटिन विरघळवून ताई तिच्या मुलाला झोपवायला गेली, मी चव घेऊन बघितली, क्रीममुळे आलं पार दबलेलं, आणि उकळल्यावर आल्याचा तिखटपणा उतरतोच (त्यातलं जिंजेरॉल उष्णतेने बदलून सौम्य झिंजेरोन होतं). मग मी पाव किलो आलं किसलं, फडक्यातून पिळलं, आणि अर्धी वाटी ताजा रस दोन्ही पातेल्यांत वाटून टाकला. जिलेटिनवाल्यात जास्त, चायना ग्रासवाल्यात दोन चमचे. ढवळलं, मस्त ठसका आला, ग्लास भरले, आणि गरम गरम फ्रीजमध्ये नको म्हणून अर्धा तास ओट्यावर राहू दिले. ताईला सांगितलंच नाही, कारण आलं तर आधीपासून होतंच ना रेसिपीत.

"अगं पण आधीचं उकळलेलं होतं," ताई म्हणाली. एवढंच. यावर ती अजून काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता जरा आतली गोष्ट, कारण मला हे वाचून समजून घेतल्याशिवाय चैन पडली नाही. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं (शाळेच्या पुस्तकात विकर म्हणायचे ते) आणि त्याचं काम प्रोटीन तोडणं. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत अॅक्टिनिडिन, अंजिरात फिसिन, ही सगळी त्याच जातकुळीतली मंडळी. अननस आणि जिलेटिनचं वैर बेकिंग करणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं, ताजा अननस घातला की जेली होत नाही आणि डब्यातला घातला की होते, कारण डब्यातला उकळलेला असतो. पण आल्याकडे आपण फळ म्हणून बघतच नाही, ते मसाल्यात, त्यामुळे त्याच्यावर संशय जात नाही. मटणाला आपण कच्ची पपई लावतो, आलं-लसूण वाटून चोळून ठेवतो, ते मऊ होतं हे माहीत असतं, आणि मटणातला जो चिवट भाग ते मऊ करतं तो कोलॅजन, आणि जिलेटिन म्हणजे हाच कोलॅजन शिजवून, सुटा करून, वाळवून केलेली पावडर. म्हणजे मी ३ लिटर दुधात मटणासारखंच जिलेटिन मॅरिनेट करून ठेवलं होतं.

कोलॅजन म्हणजे तीन पेडांची वेणी असं समजा. गरम पाण्यात वेणी सुटते आणि पेड मोकळे तरंगतात, गार झालं की ते परत जिथे जमेल तिथे एकमेकांत गुंफायला बघतात, पूर्ण वेणी होत नाही पण जाळं होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं, तीच जेली. झिंजिबेनने ते पेड बारीक कापून ठेवले की बॉयकटची वेणी घालायचा प्रकार, गार करा, बर्फात ठेवा, काय पण करा, गुंफायला लांबीच नाही. आणि अगर हे समुद्री शेवाळातून येतं, त्याच्या साखळ्या प्रोटीनच्या नाहीत, साखरेच्या जातीच्या आहेत, त्यामुळे ही कात्री त्यांना लागत नाही. म्हणून ते ६ ग्लास सेट झाले. आम्ही ज्याला जिलेटिनविरुद्धचा पुरावा समजलो तो खरं तर आल्याविरुद्धचा होता, आणि तळाची कणी सांगत होती की तिथेही दुधावर त्याने हात चालवला होताच.

अजून एक गोष्ट कळल्यावर तर मी कपाळावर हात मारला. हे झिंजिबेन साधारण ६० अंशाच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं आणि त्याच्यावर, ७० च्या पुढे गेलं की मरायला लागतं. मी रस घातला तेव्हा पातेलं बरोबर पंचावन्न-साठवर होतं. आणि वर अर्धा तास ओट्यावर निवांत. रविवारी सकाळी नवीन जिलेटिन घालताना आम्ही ५० अंशापर्यंतच तापवलं, जिलेटिन खराब होऊ नये म्हणून जपून, म्हणजे कात्रीला परत ऊब दिली आणि कापायला नवीन कापड दिलं. दुपारी जेव्हा वैतागून खळखळ उकळलं तेव्हा कुठे ते मेलं.

चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात याच गोष्टीचं डेझर्ट करतात, वाटीत ताजा आल्याचा रस घ्यायचा आणि वरून सत्तर अंशाच्या आसपासचं गरम दूध एका दमात ओतायचं, ढवळायचं नाही, काही मिनिटांत दूध थरथरत्या दह्यासारखं होतं. जिलेटिन नाही, अंडं नाही, विरजण नाही. आपल्याकडे तेच एन्झाइम फक्त "दूध नासलं" म्हणून बदनाम आहे. चहात आलं आधी पाण्यात उकळू दे मग दूध घाल, हे प्रत्येक घरात कोणीतरी कोणालातरी ओरडून सांगितलेलं असतं, मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. चहा करताना माझा हात आपोआप तसा चालतो, पण पन्ना कोटा म्हटलं की डोकं इटालियन झालं.

तरी ताईला खात्री हवी होती, कारण तोपर्यंत सगळं वाचलेलंच होतं आणि नवीन पाकीट अजून संशयितच होतं. म्हणून मंगळवारी सहा वाट्या मांडल्या, प्रत्येकीत २०० मिली, जिलेटिन घालायचं तिथे २.४ ग्रॅम, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर मोजून. पहिलीत नुसतं पाणी आणि त्याच बदनाम पाकिटातलं जिलेटिन. दुसरीत तेच आणि एक मोठा चमचा कच्चा आल्याचा रस. तिसरीत तेच पण रस छोट्या कढईत दोन मिनिटं उकळून. चौथीत चायना ग्रास आणि कच्चा रस. पाचवीत जिलेटिन वगैरे काही नाही, गरम दूध आणि कच्चा रस फक्त. सहावीत आमच्या नेहमीच्या ब्रँडचं जिलेटिन, जे ताई मुद्दाम जाऊन घेऊन आली, आणि कच्चा रस.

बुधवारी सकाळी पहिली सेट, अगदी नेहमीसारखी, म्हणजे पाकीट निर्दोष. तिसरी सेट, ठसका बऱ्यापैकी शाबूत, पाच मिनिटं चहात उकळलेल्या आल्यापेक्षा नक्कीच जास्त. चौथी सेट. दुसरी आणि सहावी दोन्ही पाणी, नेहमीचा ब्रँड असो की नवीन, कात्रीला फरक पडत नाही. दुसरी वाटी मी हट्टाने परत उकळली आणि गार करून चार तास ठेवली, म्हटलं आता एन्झाइम मेलंय तर होईल, पण नाही, कापलेले पेड काही परत जोडले जात नाहीत. तीच वाटी उकळून झाल्यावर तिच्यात नवीन २.४ ग्रॅम जिलेटिन घातलं, ते मात्र सेट झालं. म्हणजे रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही फक्त आधी सगळं उकळून घेतलं असतं, थोडं निवू दिलं असतं आणि मग १२ ग्रॅम लिटरच्या हिशोबाने नवीन जिलेटिन घातलं असतं, तर दुपारी दोनपर्यंत काम झालं असतं, कणी गाळावी लागली असती एवढंच, आणि ते ५०० रुपये वाचले असते. ताईने हे वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट, माझं नाव न लिहिता, पण अक्षर जरा जास्तच दाबून.

आता आमच्या रेसिपीत आल्याचा रस वेगळ्या कढल्यात उकळून घ्यायचा असं आहे, बुडबुडे आल्यावर दोन मिनिटं, आणि मगच दुधात. पातेल्यात शेवटच्या क्षणी काहीही टाकलं, अगदी चिमूटभर मीठ जरी, तरी फळ्यावर लिहायचं. नवीन पाकीट घेतलं की आधी एका वाटीत पाण्याबरोबर सेट करून बघायचं, रात्रभर, हे पण त्यातूनच आलं. दुकानदाराला मी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं, त्याला ते कधी कळणार नाही हे बरंय.

पाचवी वाटी राहिली. ती बुधवारी सकाळी वर घट्टसर, खरवसासारखी हलत होती, कडेने थोडं पाणी सुटलेलं. सासूबाईंनी हातात घेऊन वास घेतला, विचारलं, "यात ते तुमचं हाडाचं काही नाही ना?" नाही म्हटल्यावर वरून गूळ किसून घातला, वेलचीची पूड घातली आणि उभ्या उभ्याच अर्धी वाटी संपवली. उरलेली झाकून ठेवली, सासऱ्यांसाठी.